घोड्यासाठी पूरक उपचार : सुरुवात कुठून करायची, स्वतः काय करायचं आणि कुठे थांबायचं

घोडा दुखणं सहजासहजी दाखवत नाही. कळपाने राहायचं आणि धोका दिसला की पळून जीव वाचवायचा, अशी त्याची घडण. लंगडतोय हे कळलं की तो शिकाऱ्याचं सावज ठरतो. त्यामुळे मालकाला दिसतं ते भलतंच काहीतरी. जीन कसताना कान मागे जातात, डाव्या हाताला वळायला तो नकार देतो, खरारा करताना एका ठराविक जागी कातडी थरथरते. मग शोध सुरू होतो मसाजवाल्याचा, सुया टोचणाऱ्याचा, जडीबुटीच्या डब्यांचा, चुंबक शिवलेल्या झुलींचा. यातलं काही खरोखर उपयोगी आहे, काही नुसतं निरुपद्रवी आणि काही चक्क घातक. माझं मत इतकंच की यात सगळ्यात जास्त फरक पडतो तो क्रमाने. कारण न शोधता केलेला मसाज कितीही कुशल असला तरी दुखणं पुढे ढकलतो, आणि तेवढ्या काळात मूळ आजार वाढतो. म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या.

पायरी १ : आधी पशुवैद्य

पूरक उपचार निदानानंतर येतात. काही प्रसंगी तर हात लावायच्या आधी फोन करायचा असतो: पोटदुखी, अचानक आलेलं लंगडेपण, सांध्याजवळची जखम, डोळ्याची कुठलीही इजा, ताप, चालताना तोल जाणं, आणि कामानंतर अंग लाकडासारखं कडक होऊन लघवी गडद होणं. हे शेवटचं लक्षण स्नायूंचे तंतू फुटत असल्याचं असतं. अशा घोड्याला चोळायचं नाही, चालवायचंही नाही.

फोनवर नेमकं सांगता यावं म्हणून चार गोष्टी तपासायला शिका आणि घोडा ठणठणीत असतानाच शिका. प्रौढ घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. विश्रांतीत श्वास मिनिटाला ८ ते १६. नाडी २८ ते ४४. खालच्या जबड्याच्या हाडावर आतून बोट फिरवलं की दोरीसारखी रोहिणी सरकते, तिच्यावर बोटांची टोकं हलकेच ठेवायची आणि ३० सेकंद मोजून दुप्पट करायची. चौथी गोष्ट हिरड्या. अंगठ्याने दाबून सोडलं की पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. पोट दुखणाऱ्या घोड्याची नाडी ६० च्या वर असेल तर एक मिनिटही घालवू नका.

घोड्याला उलटी करता येत नाही. जठर फुगलं तर ते फुटू शकतं. म्हणून पोटदुखीत नळीने किंवा बाटलीने तेल, काढा असं काहीही घशात ओतायचं नाही. ते फुप्फुसात जाण्याचा धोका वेगळाच. पशुवैद्य नाकातून नळी घालून जठरातला दाब मोकळा करतात. ते काम त्यांचंच.

खुरांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, हीसुद्धा तातडीची बाब. घोडा पुढचे पाय पुढे ताणून मागे रेलून उभा राहतो, खूर गरम लागतात, घोट्याच्या मागच्या बाजूला नाडी ठोके देताना बोटाला जाणवते. इथे एक साधा उपाय खरोखर सिद्ध झालेला आहे, तो म्हणजे बर्फ. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात अँड्र्यू व्हॅन एप्स आणि ख्रिस पॉलिट यांनी २००४ साली दाखवलं की दाह सुरू होण्याच्या काळात पाय सलग ४८ तास बर्फाच्या पाण्यात ठेवले तर खुराच्या आतली हानी बरीच कमी होते. मात्र पाय अधूनमधून थंड करून हा परिणाम मिळत नाही. पशुवैद्याला कळवायचं आणि ते येईपर्यंत बर्फ जमवायला लागायचं.

पायरी २ : पाया दुरुस्त करा

सर्वांगीण उपचाराच्या नावाखाली जे काही विकलं जातं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा वैरण, सोबत आणि मोकळं फिरणं यांचा गुण मोठा आहे. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका हाच घाईत ओलांडला जातो.

घोड्याच्या जठरात आम्ल सतत तयार होतं, खाणं असो वा नसो. मोकळा घोडा दिवसातला बहुतेक वेळ चरत असतो. प्रत्येक घासाबरोबर लाळ जाते आणि आम्ल आटोक्यात राहतं. आपण त्याला दोन वेळा चंदीचा तोबरा बांधतो आणि मधले तास रिकामे ठेवतो. मग जठरात व्रण होतात आणि जीनचा पट्टा कसताना घोडा चावायला येतो. त्या घोड्याच्या बरगड्यांपाशी कितीही चोळलं तरी काय होणार? कोरड्या वजनात मोजलेली वैरण रोज शरीराच्या वजनाच्या निदान दीड टक्का हवी, शक्यतो दोन. ५०० किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो. वैरणीशिवाय चार ते सहा तासांच्या वर जाऊ देऊ नका. कामाच्या आधी थोडी वैरण द्या, म्हणजे पळताना आम्ल जठराच्या वरच्या नाजूक भागावर उसळत नाही.

सोबतीचं तसंच. एकटा, दिवसभर तबेल्यात कोंडलेला घोडा डोलत राहतो, लाकूड दातांत धरून हवा ओढतो. त्याच्यावर शांत करणारी तेलं आणि चूर्णं वापरण्याआधी त्याला दुसऱ्या घोड्याशी अंग घासता येईल अशी जागा द्या.

नाल असलेल्या घोड्याचे खूर चार ते सहा आठवड्यांनी, बिननालीचे सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून बघून घ्या. दात वर्षातून एकदा तरी तपासले जावेत. घोड्याचे दात झिजत झिजत आयुष्यभर वर येत राहतात आणि त्यांच्या धारदार कडा गालाला नि जिभेला कापतात. लगाम लागला की डोकं झटकणारा घोडा बऱ्याचदा हेच सांगत असतो.

खोगीर बघायची उत्तम वेळ म्हणजे रपेटीवरून आल्यावर. झूल काढली की पाठ सारखी ओली दिसायला हवी. घामाच्या मधोमध तळहाताएवढा कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब इतका आहे की घामाच्या ग्रंथी काम करत नाहीत. त्याच जागी पुढे पांढरे केस उगवतात. काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या पाठीवरचे असे पांढरे ठिपके म्हणजे जुन्या दाबाची नोंदच.

पायरी ३ : लिहून ठेवा

कुठलाही उपचार सुरू करण्याआधी वही करा. घोडा आपोआपही बरा होतो, ऋतू बदलला की वागणं बदलतं, आणि पैसे खर्च केलेल्या माणसाला सुधारणा दिसतेच. या तिन्ही गोष्टींपासून वही वाचवते.

चेहरा वाचायला एक चांगली मोजपट्टी आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या वेदनेच्या चेहरापट्टीत सहा खुणा पाहतात: ताठ मागे वळलेले कान, आकसलेले डोळे, डोळ्यावरचा ताणलेला भाग, जबड्याचे फुगलेले स्नायू, घट्ट मिटलेलं तोंड आणि पुढे आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. स्वाराखाली चालतानाचं वागणं बघायला सू डायसन या पशुवैद्य संशोधिकेने २४ वागणुकींची यादी केली आहे. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर हाडा-स्नायूंच्या दुखण्याची शक्यता बरीच असते. हट्टी, आळशी, खोडकर म्हणून मार खाणारे किती घोडे या यादीत सापडतील, याचा विचार प्रत्येक स्वाराने करावा असं मला मनापासून वाटतं.

आठवड्यातून एकदा, त्याच जमिनीवर, त्याच कोनातून, कदमचाल आणि दुडकीचा व्हिडिओ घ्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नवं खोगीर, नवं चूर्ण आणि मसाज एकाच आठवड्यात सुरू केलं तर गुण कशाचा आला हे कधीच कळणार नाही.

पायरी ४ : हातांचं काम

हे काम प्रत्येक मालकाला, प्रत्येक मोतद्दाराला येतं किंवा येऊ शकतं. खर्च नाही, आणि घोड्याची ओळख याच्याइतकी कशानेच होत नाही.

शांत, सपाट जागा निवडा. घोडा थोडा चालून आलेला असावा, म्हणजे स्नायू उबदार असतात. दोन्ही बाजूंनी करकचून बांधू नका. दोरी कोणाच्या तरी हातात सैल असू द्या, त्याला बाजूला सरकून 'नको' म्हणता आलं पाहिजे. तुम्ही खांद्याच्या बाजूला उभे राहा, मागे नाही.

पहिली फेरी फक्त ऐकण्याची. सपाट तळवा कानामागून मानेवर, खांद्यावर, पाठीवरून पुठ्ठ्यापर्यंत, केसांच्या दिशेने, सावकाश न्या. दुसरा हात अंगावर टेकलेला ठेवा. ऊब बघायची असेल तेव्हा तळव्याऐवजी हाताची मागची बाजू लावा, तिला तापमान चांगलं कळतं. मग दुसऱ्या बाजूने तेच. फरक शोधायचा आहे तो दोन बाजूंमधला. डाव्या खांद्यामागे, खोगिराचं पुढचं टोक बसतं तिथे तळवा येतो आणि माशी बसावी तशी कातडी थरथरते. पुन्हा त्याच जागी, अजून हलक्या हाताने. आता घोडा वजन उजव्या पायावर घेतो, डावा कान अर्धा मागे वळतो, नाकपुडी अरुंद होते. उजवीकडे त्याच जागी काहीच नाही. या क्षणी चोळायला लागू नका. खोगीर उलटं करून त्याच्या गादीवरून बोटं फिरवा. भरण एका जागी गोळा झालेलं सापडण्याची दाट शक्यता आहे.

अशी शंका नसेल तर पुढे जा. सुरुवात खांद्यावरच्या उंचवट्यापासून करा, जिथे मान संपून पाठ सुरू होते. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते तिथेच. क्लॉदिया फे यांनी कामार्ग जातीच्या घोड्यांवर १९९३ साली दाखवलं की त्या जागी खाजवलं की हृदयाचे ठोके कमी होतात. बोटांच्या टोकांनी तिथे मिनिटभर खाजवा. मग मानेच्या खालच्या कडेने जाणारा लांब स्नायू बोटं आणि अंगठा यांत धरून हलकेच उचला, सोडा, दोन बोटं पुढे सरका. पाठीवर मणक्यांच्या रेषेवर कधीही दाब द्यायचा नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यावर तळव्याने लहान गोल फिरवा. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर, हात आणखी हलका. पुठ्ठ्याचे स्नायू जाड असतात, तिथे तळव्याचा मागचा भाग वापरून थोडा जोर चालतो.

दाब किती, हे घोडा सांगतो. पापणी जड होते, खालचा ओठ सुटतो, मान खाली येते, तो खोल श्वास सोडतो, जांभई देतो, पोटात गुडगुड ऐकू येते. असं झालं की त्याच जागी थांबा, हात हलवू नका, त्याला वेळ द्या. ओठ चाटणं आणि चघळणं हे ताण ओसरताना दिसतं, पण केवळ त्यावरून त्याला आवडतंय असं धरू नका; बाकीचं अंग काय म्हणतं ते बघा. शेपटीचा फटका, वर उचललेलं डोकं, उचललेला मागचा पाय म्हणजे दाब निम्मा करा किंवा ती जागा सोडा. पहिल्या वेळी दहा मिनिटं पुरेत. पुढे वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा.

ताप, कातडीचा संसर्ग, गाठ, गरम सूज, उघडी जखम किंवा दोन-तीन दिवसांच्या आतली ताजी इजा असेल तर मसाज नाही. गाभण घोडीच्या बाबतीत आधी पशुवैद्याला विचारा.

पायरी ५ : गाजराचे व्यायाम

घोड्याने स्वतः मान वळवावी म्हणून गाजराची लांब फोड दाखवायची, इतकी साधी ही पद्धत. पण तिच्यामागे चांगलं संशोधन आहे. नॅरेल स्टब्ज, हिलरी क्लेटन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली आठ घोड्यांकडून हे व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने करून घेतले. मणक्यांना जवळून आधार देणारा मल्टिफिडस हा खोल स्नायू सोनोग्राफीत जाड झालेला दिसला. पाठ दुखलेल्या घोड्यात तो झिजतो, आणि दुखणं गेलं तरी आपोआप भरून येतोच असं नाही. म्हणून हा व्यायाम मला मोलाचा वाटतो.

घोडा भिंतीशेजारी चारही पायांवर चौकोनी उभा करा. आधी हनुवटी छातीकडे, मग गुडघ्यांच्या मध्ये, मग पुढच्या घोट्यांच्या मध्ये. नंतर बाजूला: जीनच्या पट्ट्यापर्यंत, कुशीपर्यंत, शेवटी मागच्या पायाच्या ढोपराकडे. प्रत्येक जागी पाचेक सेकंद थांबवा, मग फोड द्या. प्रत्येक हालचाल पाच वेळा, दोन्ही बाजूंना. पहिल्या आठवड्यात तो जितका वळेल तितकंच पुरे. तोंड धरून ओढायचं नाही. तो पाय हलवून फसवायला लागला तर तुम्ही फार लांब मागताय. मानेचा संधिवात किंवा मज्जातंतूंचा आजार असलेल्या घोड्याकडून हे पशुवैद्याला विचारल्याशिवाय करून घेऊ नका.

थंड आणि गरम

ताज्या इजेवर पहिले ४८ तास थंड: वाहतं पाणी किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी १५ ते २० मिनिटं, काही तासांनी पुन्हा. सूज आणि ऊब पूर्ण गेल्यावर, किंवा जुन्या आखडलेपणावर, कोमट ओला टॉवेल. तो आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

पायरी ६ : तज्ज्ञाकडे काय अपेक्षा ठेवायची

प्राण्यांच्या अॅक्युपंक्चरची, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचाराची, परंपरा चीनमध्ये फार जुनी आहे. पशुवैद्यांची आंतरराष्ट्रीय अॅक्युपंक्चर संस्था १९७४ साली स्थापन झाली. जुनाट पाठदुखीत काही अभ्यासांत गुण दिसला आहे, पण बहुतेक अभ्यास लहान आहेत. निदान झालेल्या पाठदुखीसाठी, प्रशिक्षित पशुवैद्याकडून, इतर उपचारांच्या जोडीला करून बघायला माझी हरकत नाही.

कायरोप्रॅक्टिकवाला, म्हणजे मणक्यांना हाताने झटके देऊन उपचार करणारा, 'मणका सरकला होता, बसवला' असं म्हणाला तर सावध व्हा. घोड्याच्या पाठीचे मणके जाड स्नायूंखाली घट्ट बांधलेले असतात, ते हाताने सरकत नाहीत आणि बसतही नाहीत. होतं ते एवढंच की सांध्याला झटपट, छोटा ताण मिळतो आणि आसपासची वेदना नि आखडलेपण काही काळ कमी होतं. २००८ सालच्या एका अभ्यासात या उपचारानंतर पाठीला दाब सहन करण्याची क्षमता वाढलेली दिसली, मसाजनंतर त्याहून बरीच कमी. हातोडी वापरणारा किंवा घोड्याचा पाय झटका देऊन ओढणारा माणूस तबेल्यात घेऊ नका.

लेसर आणि शॉकवेव्ह (दुखऱ्या जागी जोरदार ध्वनिलहरी सोडणारं यंत्र) ही पशुवैद्याच्या हातातली साधनं. लेसर चालू असताना माणसाच्या आणि घोड्याच्या डोळ्यांचं संरक्षण हवं, आणि काळी कातडी जास्त तापते हे ध्यानात हवं. शॉकवेव्हनंतर वेदना काही दिवस दबते, त्या काळात घोडा कामाला लावला तर इजा वाढते. चुंबकाच्या झुलींवर पैसे घालवू नका.

होमिओपॅथीबद्दल स्पष्टच लिहितो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स या संस्थेने २०१७ साली जाहीर केलं की तिला भक्कम शास्त्रीय आधार नाही आणि पुरावा असलेल्या उपचारांना उशीर होऊ देता कामा नये. माझंही तेच मत आहे.

पायरी ७ : वनस्पती आणि तेलं

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा समज घोड्यांच्या बाबतीत महागात पडतो. लसूण श्वासासाठी आणि माश्यांसाठी सर्रास चारतात. मोठ्या मात्रेत ती तांबड्या रक्तपेशी फोडते आणि घोड्याला पंडुरोग होतो. कॅनडातल्या एका प्रयोगात २००५ साली हे स्पष्ट दिसलं. डेव्हिल्स क्लॉ ही आफ्रिकेतली वनस्पती सांधेदुखीवर देतात; जठरात व्रण असलेल्या घोड्याला आणि गाभण घोडीला ती देऊ नये. विलो झाडाच्या सालीत अॅस्पिरिनच्या जातीचं द्रव्य असतं, वेदनाशामक चालू असताना तिची भर जठराला झेपत नाही. कॉम्फ्रे ही औषधी वनस्पती पोटात गेली तर यकृताला घातक. जे काही देताय त्याची मात्रा आणि नाव पशुवैद्याला सांगा, विचारलं नाही तरी.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आणखी जपावं. २००८ च्या ऑलिंपिकच्या हाँगकाँगमध्ये झालेल्या घोडेस्वारी स्पर्धांत काही घोड्यांच्या नमुन्यांत मिरचीतलं कॅप्सेसिन सापडलं आणि नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावं लागलं. डेव्हिल्स क्लॉमधलं द्रव्य आणि शांत करण्यासाठी दिली जाणारी व्हॅलेरियन ही वनस्पती यांनाही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मनाई आहे. डब्यावर 'स्पर्धेसाठी सुरक्षित' छापलेलं असलं तरी स्वतः यादी तपासा.

लॅव्हेंडरच्या वासाने घाबरलेल्या घोड्यांचे ठोके लवकर खाली आल्याचं लहान प्रयोगांत दिसलं आहे. वापरायचं तर बाटलीचं झाकण हातभर लांब धरा. घोडा नाक पुढे आणतो की मान फिरवतो ते बघा आणि त्याचं ऐका. न विरलेलं तेल कातडीला किंवा नाकपुडीला कधीही लावू नका.

माणूस निवडताना

चांगला उपचारक पहिला प्रश्न विचारतो: पशुवैद्यांनी काय निदान केलं? तो घोडा चालवून बघतो, खोगीर मागतो, खूर उचलतो, काय सापडलं ते लिहून देतो आणि पशुवैद्याशी बोलायला तयार असतो. चालू औषधं बंद करा म्हणणारा, एका भेटीत कायमचा गुण देणारा, घोडा तडफडत असताना 'आतलं बाहेर येतंय' म्हणणारा माणूस परत पाठवा.

आणि मुदत ठरवून द्या. तीन-चार भेटींनंतर वहीतल्या नोंदींत आणि व्हिडिओत फरक नसेल, किंवा प्रत्येक वेळी चार दिवस बरं वाटून दुखणं त्याच जागी परत येत असेल, तर उपचारक बदलू नका. वही आणि व्हिडिओ घेऊन पशुवैद्याकडे जा आणि सांध्यांत भूल देऊन केलेली लंगडेपणाची तपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी यांबद्दल विचारा.